डब्यावर वेळ लिहा

श्रावण लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी वजन, थायरॉईड, मुलं भाजी खात नाहीत, असं सगळं असतं. श्रावणात एकच: "ताई, गणपतीला गाडीनं गावी येतोय, वाटेत काय खाऊ?" यंदा मे महिन्यातली काही पत्रंही उत्तराविना राहिली होती, तीही यातच घेते.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्याआधी मी हॉटेलवाल्याची मुलगी. संगमेश्वरच्या अलीकडे हायवेला लागून बाबांचं हॉटेल होतं. सहा बाकडी, एक भट्टी आणि भज्यांचं काचेचं कपाट. त्यामुळे माझं उत्तर अर्धं पुस्तकातलं असतं आणि अर्धं त्या भट्टीपाशी बसून शिकलेलं.

डोंबिवलीहून एक आई लिहितात : *आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं गणपतीला कुडाळला जाणार. पहाटे तीनला निघून कधी पोचू ते देवच जाणे, गेल्या वर्षी सोळा तास लागले. बाहेरचं नको म्हणून मी पुलाव आणि बटाट्याची भाजी भरून घेते, तरी कोणाचं ना कोणाचं पोट बिघडतंच. धाकटा सहा वर्षांचा आहे, घाट लागला की ओकतो. काय करू?*

आधी माझीच फजिती ऐका. २००९ साल. हायवेचा नंबर तेव्हा १७ होता, ६६ व्हायचा होता. आहारशास्त्राची पदवी घेऊन मला तीन वर्षं झाली होती आणि अंगात पुरेशी घमेंड होती. ठाण्याहून आम्ही सात जणं मोठ्या गाडीनं निघालो. "बाहेरचं कोणी काही खायचं नाही," असं मी जाहीर केलं आणि रात्री अडीचला उठून मसालेभात केला, ओलं खोबरं पेरून डाळिंब्यांची, म्हणजे सोललेल्या वालांची, उसळ केली. गरमागरम, वाफाळतं सगळं स्टीलच्या डब्यांत दाबून भरलं, झाकण घट्ट लावलं, वर टॉवेल गुंडाळला. वडखळच्या नाक्यावर चार तास गाडी हलली नाही. महाडला डबा उघडला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. भात अजून कोमट होता. वास उत्तम. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. भोस्ते घाट चढेपर्यंत सातांतल्या पाच जणांनी कौतुक परत केलं. जे दोघं वाचले, त्यांनी माझं न ऐकता वाकणला वडापाव खाल्ला होता आणि नंतर त्यांना भूक नव्हती.

तुमच्या पुलावाचं बहुधा हेच होतंय. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते भात शिजवून मरत नाहीत, झोपून राहतात. भात कोमट राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. वरून पुन्हा उकळलंत तरी ते जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधलं अन्न म्हणजे जंतूंना पडवीत पथारी घालून देणं, आणि गच्च भरलेला, टॉवेलात गुंडाळलेला डबा तासन्‌तास नेमका त्याच मधल्या तापमानात राहतो. म्हणजे मी प्रेमानं जंतूच उबवत होते.

म्हणून पहिला प्रश्न "घरचं की बाहेरचं" हा नकोच. शिजून किती वेळ झाला, हा विचारा. ओलसर शिजवलेलं अन्न, म्हणजे भात, उसळ, बटाट्याची भाजी, खोबरं घातलेलं काहीही, शिजल्यापासून दोन तासांत संपवायचं. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. आणि गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वेगळं असतं बरं. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढते. तुम्ही चहाला उतरता आणि डबा तिथे भाजत बसतो.

मग न्यायचं काय? आपल्या आज्यांनी हे कोडं कधीच सोडवलंय. दशम्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, तेल थोडं जास्त, चांगल्या खरपूस भाजायच्या आणि, हे महत्त्वाचं, भाजल्यावर एकावर एक रचायच्या नाहीत. परातीत सुट्या पसरून पंख्याखाली पूर्ण गार करायच्या, मगच डब्यात. वाफ आत कोंडली की झाकणाला घाम येतो आणि तो घाम पोळीवर पडतो. तिथूनच बुरशी. दशम्यांबरोबर लसणाची किंवा तिळाची सुकी चटणी, सुक्या खोबऱ्याची. तिखटमिठाच्या पुऱ्याही चालतील. गूळपापडी, भाजलेले शेंगदाणे, भाजक्या पोह्यांचा चिवडा. केळी, पेरू, मोसंबी अख्खी न्यायची आणि खाताना चिरायची किंवा सोलायची. डब्यात चिरून नेलेलं फळ म्हणजे पुन्हा ओलसर अन्न, त्याला भाताचाच नियम.

आणि एक गरम जेवण खुशाल वाटेत हॉटेलात घ्या. कुठलं घ्यावं ते पुढे सांगते.

त्या वर्षापासून मी डब्यांवर वेळ लिहिते. औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी कागदी चिकटपट्टी आणि बॉलपेन. "दशम्या, रा. १०". "उकडलेली अंडी, प. ३, पाचपर्यंत". नवरा चेष्टा करतो, पण पाच वाजले की तोच विचारतो, अंडी संपली का.

आता धाकट्याचं. रिकाम्या पोटीही उलटी होते आणि भरल्या पोटीही. निघायच्या तासभर आधी अर्धी दशमी किंवा दोन टोस्ट, दूध नको. दुधाचा पेला पाजून पोराला गाडीत घालायची आपली खोडच आहे, ती मोडा. वाटेत दर दीड-दोन तासांनी थोडं कोरडं काही. कशेडीला आता बोगदा झाल्यामुळे तिथली वळणं टळतात, पण भोस्ते आणि परशुराम आहेतच. घाट यायच्या आधी खिडकी थोडी उघडा, त्याला समोरचा रस्ता दिसेल असा बसवा आणि हातातला मोबाईल काढून घ्या. डोळे पडद्यावर स्थिर, कान वळणं मोजतायत, या भांडणातूनच मळमळ येते. आलेपाकाची छोटी वडी चघळायला द्या. गोळी द्यायची तर त्याच्या वजनाप्रमाणे किती ते बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

उलटी झालीच तर लगेच घटाघट पाणी पाजू नका. दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस चमच्या-चमच्यानं. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजानं अर्ध्या बाटलीत असं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यातली गोड पेयं मात्र ओआरएस म्हणून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली, ती उगाच नव्हे. त्यात साखर फार असते, जुलाबात ती उलट बाधते.

चिपळूणहून एक ड्रायव्हर दादा : *मी टुरिस्ट गाडी चालवतो, मुंबई-गोवा. पार्टी जिथे थांबेल तिथे जेवावं लागतं. दुपारी मच्छी थाळी झाली की तासाभरात डोळे मिटायला लागतात. एनर्जी ड्रिंक पितो, पण छातीत धडधडतं. आणि हॉटेल बरं की वाईट ते बाहेरून ओळखायचं कसं?*

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गाडीतल्या बाकी सगळ्यांचं जेवण तुमच्या डोळ्यांवर अवलंबून असतं.

दुपारी दोन ते चारमध्ये जेवण न करताही शरीर मंदावतं, घड्याळच तसं आहे. त्यावर दोन मुदी भात, तळलेली तुकडी, कालवण आणि वर सोलकढी पडली की बघायलाच नको. जेवण तोडा. साडेबाराला निम्मं, पाचला निम्मं. पार्टी दोनला थांबली तर तुम्ही चपाती, डाळ, एक तुकडी खा, भात सोडा. मालकाला वाईट वाटत नाही, मी सांगते, भात उरला तर त्याला बरंच.

डोळे जड झाले तर एनर्जी ड्रिंकपेक्षा हे करून बघा. कपभर कडक कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफी चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर झोप होते, आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. पार्टी कुरकुर करेल. करू दे. छातीत धडधड होते ती मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि ते कॅन आजच बंद. सर्दीच्या आणि गाडी लागण्याच्या गोळ्यांनी झोप येते, स्टिअरिंगवर असताना त्या घ्यायच्या नाहीत. पार्टीतल्या मावशींनी प्रेमानं दिली तरी नाही.

आता हॉटेल. आमचं हॉटेल सकाळी साडेसहाला उघडायचं. सातला आई पाट्यावर ओल्या नारळाची चटणी वाटायची, भज्यांबरोबर द्यायला. दुपारी बारा वाजले की बाबा उरलेली चटणी मागच्या आळ्यात ओतून द्यायचे. आई चिडायची, "नारळ काय फुकट पडतात झाडावरून?" खरं तर पडायचेच, परसातले माड आमचेच होते. पण बाबांचं एक होतं, चटणी बाराची. चारला कोणी मागितली तर लसणीचं तिखट मिळायचं. गिऱ्हाईक नाराज होऊन जायचं, पण आजारी होऊन गेलेलं मला आठवत नाही.

तर तुम्ही चटणीवरून हॉटेल ओळखा. भजी, वडा समोर कढईतून निघालेला असतो, त्याचं भय कमी. त्याच्या बाजूला पातेल्यात पांढरी चटणी आहे आणि तिचा रंग कडेला पिवळट झालाय, पाणी सुटलंय, तर वडा घ्या, चटणी सोडा. मिसळीची तर्री उकळती असेल तर उत्तम, वरचा कांदा कापून किती वेळ झाला ते बघा. सोलकढीत नारळाचा रस असतो, ती गार पेटीतून आली तरच. कोकम सरबत त्या मानानं बरं, पण बर्फाशिवाय, कारण तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे बहुतेक वेळा हॉटेलवाल्यालाही माहीत नसतं. एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांची गर्दी असेल तिथे थांबा. तिथलं अन्न चविष्ट असेलच असं नाही, पण पातेलं लवकर रिकामं होतं. भिंतीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना लावलेला असतो, तोही पाहून ठेवा. पण परवाना भिंतीवर असतो आणि चटणी ताटात, हे विसरू नका.

आणि दादा, टायर बदललेल्या हातानं वडा खाऊ नका. नुसतं पाणी ओतून हात धुतल्यासारखं वाटतं, धुतले जात नाहीत. साबणाची एक छोटी वडी गाडीत ठेवा.

पुण्याहून एक वाचक : *मे महिन्यात मालवणला गेलो होतो. निघायच्या दिवशी सकाळी लिलावात ताजे फडफडीत बांगडे घेतले. पिशवीत थोडा बर्फ टाकून डिकीत ठेवले. रात्री घरी पोचून तळून खाल्ले. अर्ध्या तासात आम्हा चौघांचे चेहरे लालबुंद, अंगाला खाज, डोकं ठणकतंय. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी. पण आम्ही लहानपणापासून बांगडा खातो आणि चौघांना एकाच रात्री अ‍ॅलर्जी कशी होईल?*

तुमची शंका अगदी बरोबर आहे. हे मी मुद्दाम विस्तारानं लिहिते, कारण मासे घेऊन परत जाणारे दर मे महिन्यात हेच करतात.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर तो थंड राहिला नाही तर जंतू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन म्हणजे अ‍ॅलर्जीत आपलं शरीर स्वतःच सोडतं तेच. तुम्ही ते ताटातून आयतं खाल्लंत. म्हणून दिसायला सगळी अ‍ॅलर्जी, पण ही माशाची अ‍ॅलर्जी नव्हे, तुम्हाला पुढेही बांगडा खाता येईल. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, चिंचेच्या कोळात बुडवून जात नाही. मासा नासल्याचा वासही येईलच असं नाही. कधी कधी जिभेला मिरपूड लागल्यासारखी चुरचुर होते, तेवढीच खूण. तशी चुरचुर झाली की घास थुंकून टाका, ताट बाजूला करा. त्रास सहसा काही तासांत ओसरतो, डॉक्टर अ‍ॅलर्जीचीच गोळी देतात आणि ती लागूही पडते. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर मात्र वाट न बघता १०८.

तुमची चूक दोन ठिकाणी झाली. मासे तुम्ही सर्वांत आधी घेतलेत, मग नाश्ता, मग सामान, मग निघालात. मासे सर्वांत शेवटी घ्यायचे, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून. दुसरं, "थोडा बर्फ". मासा जेवढा, तेवढाच बर्फ, वजनाला वजन. दोन किलो बांगड्यांना दोन किलो बर्फ, उन्हाळ्यात थोडा वरच.

आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीवाल्या मावशी पार्सल बांधतात ते एकदा बघा. आधी मासा साफ करून घेतात, कल्ले आणि पोट काढून, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो. थर्माकोलच्या खोक्याच्या तळाशी चार बोटं बारीक फोडलेला बर्फ. मोठे खडे नाहीत, बारीक बर्फ माशाला चहूबाजूंनी चिकटतो. मग माशाचा एक थर, पोटाची बाजू खाली, म्हणजे पाणी पोटात साठत नाही. मग बर्फ. मग मासा. सर्वांत वर पुन्हा बर्फ, आणि कडेनं हात फिरवून पोकळी राहिली नाही ना ते बघतात. झाकणाला चिकटपट्टी गोल. खोक्याच्या खालच्या कोपऱ्याला छोटं भोक आणि खाली परात, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहत नाही. मालवण ते पुणे आठ-नऊ तासांचा रस्ता. कोल्हापुरात थांबून बर्फ बघा, कमी झाला असेल तर भर घाला. खोकं डिकीत नको, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, तिथे एसीची हवा लागते.

एवढं करायचं नसेल तर सुकट न्या, सुके बोंबील न्या. गाडीत वास येईल, पण माणसं शाबूत राहतील. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत "आत्ताच उतरवलाय" असं सांगून कोणी मोठा सुरमई दाखवला तर हसून पुढे जा.

देवरूखहून, वय ६४ : *आंबा घाटानं कोल्हापूर करून पुण्याला तपासणीला गेलो होतो. मला मधुमेह आहे. सकाळची गोळी पहाटे पाचला घेतली, नाश्ता वाटेत करू म्हटलं. साखरप्याच्या पुढे झाड पडून रस्ता बंद. मला घाम सुटला, हात थरथरू लागले. मुलगा म्हणाला, बाबा घाट लागतोय, डोळे मिटून पडा. नेमकं काय झालं होतं?*

काका, तुमची साखर उतरली होती. डोळे मिटून पडणं ही त्या वेळची सर्वांत धोक्याची गोष्ट. मुलाला रागावू नका, घाम आणि मळमळ दोन्हीकडे असते. पण घाट लागला तर भूक मरते, साखर उतरली तर बहुतेकदा भूक खवळते, हात कापतात, माणूस चिडचिडा होतो, बोलणं अडखळतं. शंका आली की तपासायचं यंत्र लावा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच जवळ नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, म्हणजे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा, सावरली नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरली की पोळी किंवा बिस्किटं, नाहीतर परत उतरते. चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. डाएट कोल्ड्रिंक तर अजिबात नाही, त्यात साखरच नसते. (हे हसण्यावारी नेऊ नका, एका घरात असंच पाजलेलं मला माहीत आहे.) माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८.

ही साखरेची पुडी खिशात. डिकीतल्या बॅगेत नाही, खिशात.

गोळी आणि घास यांची जोडी फोडू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवण आलं नाही तरी आपलं काम करतच राहतात. तुमची गोळी त्या जातीची आहे का, आणि प्रवासाच्या दिवशी वेळ कशी ठेवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ढोबळ नियम एवढाच की नाश्ता समोर आल्याशिवाय ती गोळी तोंडात जायची नाही. तुम्हाला उपमा-पोह्यांपेक्षा मुगाचं घावन, उकडलेलं अंडं आणि मूठभर शेंगदाणे बरे, पोटात जास्त वेळ टिकतात. हॉटेलात चहा "बिनसाखरेचा" सांगितला तरी बऱ्याचदा आधीच साखर घातलेल्या किटलीतून येतो. वेगळा करून देतो का, हे विचारा. आणि तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर साखर सावरल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगवर बसू नका.

इन्सुलिन घेणारे विचारतात म्हणून: डॅशबोर्डच्या खणात ते शिजतं आणि बर्फावर थेट ठेवलं तर गोठतं. दोन्हींनी वाया जातं. रुमालात गुंडाळून, गार थर्मासमध्ये, आपल्या हाताशी.

ठाण्याहून दोघी जावा : *पहाटे निघालो की महाडपर्यंत आम्ही बायका पाणीच पीत नाही. स्वच्छतागृहांची दशा तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी दोघींनाही गावी पोचल्यावर लघवीला जळजळ, ताप. यावर आहारात काही उपाय?*

आहारात नाही. उपाय आहे तो गाडी थांबवण्यात. पाणी न पिणं हे त्या जळजळीचं एक कारण, आणि धरून ठेवणं हे दुसरं. त्यात बारा-चौदा तास पाय लोंबते ठेवून बसणं. त्यानं पायांच्या शिरांत रक्त साकळायचा धोका वाढतो. दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, आणि ते नवऱ्याला चहाची तल्लफ येईल तेव्हा नाही. निघायच्या आधीच थांबे ठरवा आणि चालवणाऱ्याला लिहून द्या. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी असतं, पेट्रोल भरलं नाही तरी. तिथे निःसंकोच मागा. मी एकदा एका हॉटेलात किल्ली मागितली, तर मालक म्हणाला, आधी ऑर्डर द्या. सहा बटाटेवडे घेतले आणि किल्ली मिळाली. वडे कडेच्या कुत्र्याला घातले, त्यानं तीन सोडले. त्या हॉटेलात मी पुन्हा गेले नाही.

पाणी एकदम तांब्याभर नको, दर पंधरा-वीस मिनिटांना दोन घोट. एकदम प्यायलेलं लगेच उतरतं, थोडं थोडं प्यायलेलं अंगात राहतं. निघताना चहा टाळा, त्यानं लवकर लागते. लघवी गर्द पिवळी दिसली की समजा पाणी कमी पडतंय. बसायची किळस वाटत असेल तर औषधाच्या दुकानात उभ्यानं वापरायचं कागदी नरसाळं मिळतं. सासूबाईंनाही दाखवा, त्या आधी हसतील.

पनवेलहून : *गाडीत तापलेलं बाटलीतलं पाणी विषारी होतं का?*

तासा-दोन तासांत काही विष होत नाही, चव बिघडते. महिनाभर डिकीत पडून राहिलेली बाटली मात्र टाका. घेताना बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकाचा, आयएस १४५४३ हा आकडा आणि झाकणाचं सील बघा. तोंड लावून प्यायलेली बाटली त्याच दिवशी संपवायची. मी घरूनच उकळलेल्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन नेते.

लांज्याच्या सूनबाई : *बाळ सात महिन्यांचं आहे, मुंबईहून आणायचं आहे.*

अंगावर पाजत असाल तर तुमच्याइतका सोपा डबा कोणाचाच नाही. फक्त गाडी थांबवून पाजा, चालत्या गाडीत नाही. पावडरचं दूध असेल तर उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये आणि मापानं पावडर सुकी वेगळी, लागेल तेव्हा मिसळायचं. बाळानं उरवलेलं परत द्यायचं नाही. नाचणीचं सत्त्व करून नेलंत तर दोन तास, नाहीतर वाटेत केळं कुस्करा. आजी मध चाटवायला येतील. वर्षाच्या आत मध नाही, कितीही घरच्या पोळ्याचा असला तरी.

शेवटचं पत्र, बोरिवलीहून : *परत निघताना आई उकडीचे मोदक, ओल्या नारळाच्या वड्या, घावणे आणि नारळाचा रस असं सगळं बांधून देते. नको म्हटलं तर रडते. मुंबईत पोचेपर्यंत अर्धं आंबतं. आईला कसं सांगू?*

नका सांगू. आदल्या दिवशी सकाळी तिच्याजवळ बसा आणि म्हणा, आई, यंदा तळणीचे कर ना. सुकं खोबरं भाजून घेतलेलं सारण, वरून कणकेची पारी, चांगले लालसर तळलेले. ते आठ दिवस टिकतात आणि ऑफिसातही वाटता येतात. नारळाच्या वड्या करायच्या तर पाक पक्का घेऊन, खोबरं कोरडं होईपर्यंत परतून. नारळ अख्खे, सोललेले न्या, घरी जाऊन फोडा. रसाऐवजी गुळाची ढेप. निघायच्या सकाळी उकडीचे मोदक तिनं केलेच, आणि ती करणारच, तर पडवीत बसून, वर तूप सोडून, तिथेच खा. सहा खाल्लेत तरी चालतील, दुपारचं जेवण कमी करा. उरलेले दोन तिनं पिशवीत कोंबलेच तर डब्यावर वेळ लिहा आणि हायवेवरचा हातखंबा फाटा यायच्या आत संपवा.